स्टिम्युलंटची पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना काय काय सांगायचं

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि चुळबुळ थांबत नाही त्या त्रासाचं, निदान झालं, किंवा नार्कोलेप्सीचं, म्हणजे दिवसाढवळ्या नको तिथे झोप कोसळते त्या आजाराचं, आणि डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट नाहीतर अ‍ॅम्फेटामिन गटातलं काहीतरी स्टिम्युलंट, म्हणजे मेंदूला चालना देणारं औषध, लिहून दिलं. गोळी हातात आली की लोक साधारण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर रात्रभर इंटरनेटवर भयानक किस्से वाचून डबी ड्रॉवरमध्ये टाकून देतात, नाहीतर "डॉक्टरांनी दिलीय म्हणजे त्यांनी सगळं बघितलंच असेल" असं म्हणून गिळून मोकळे होतात. पहिल्यांचं निदान होऊनही उपचार होत नाही, आणि दुसऱ्यांच्या लक्षात येत नाही की डॉक्टरांनी बघितलं म्हणजे तुम्ही जेवढं सांगितलंत तेवढंच बघितलं. पंधरा-वीस मिनिटांच्या भेटीत त्यांना तुमच्या घराण्याचा इतिहास, तुमची सर्दीची गोळी, कॉलेजात केलेले उद्योग हे सगळं कुठून कळणार?

ही औषधं तशी जुनी आहेत. अ‍ॅम्फेटामिन पहिल्यांदा १८८७ मध्ये बनलं, मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये, आणि चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरांनी मुलांना बेन्झेड्रिन, म्हणजे अ‍ॅम्फेटामिनचंच एक औषध, देऊन त्यांच्या वागण्यात पडलेला फरक १९३७ मध्येच छापला होता. त्यामुळे या गोळ्या शरीरात काय करतात हे बऱ्यापैकी माहिती आहे आणि माझं मत विचाराल तर योग्य माणसाला योग्य डोसमध्ये ही चांगली औषधं आहेत. घोळ होतो तो बहुतेक वेळा न सांगितलेल्या माहितीमुळे, आणि ती द्यायचं काम पेशंटचं, म्हणून हा लेख.

आधी गोळी करते काय ते थोडक्यात, कारण पुढची सगळी काळजी त्यातूनच निघते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन अशी रसायनं सोडतात आणि काम झालं की ती परत आत ओढून घेतात. मिथाइलफेनिडेट हे परत ओढणं अडवतं. अ‍ॅम्फेटामिन तेही करतं आणि वर पेशीतून जास्तीचं रसायन बाहेरही काढतं. परिणाम असा की रसायन जागेवर जास्त वेळ राहतं, लक्ष टिकतं, हातातलं काम सोडून भलतीकडे पळणं कमी होतं. पण नॉरएपिनेफ्रिन काही फक्त मेंदूत काम करत नाही, हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्या आवळणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, भूक, झोप सगळीकडे त्याचा हात असतो, आणि गोळीला "तू फक्त डोक्यात जा" असं सांगायची काही सोय नाही.

म्हणून सगळ्यात आधी हृदय. औषधाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की बीपी सरासरी २ ते ४ पॉइंटने आणि नाडी मिनिटाला ३ ते ६ ठोक्यांनी वाढते. ऐकायला हे काहीच नाही, आणि धडधाकट माणसाला खरंच काही नाही, पण हा आकडा सरासरी आहे, म्हणजे कुणाचं अजिबात वाढत नाही आणि कुणाचं बरंच जास्त वाढतं. तुम्ही त्यातले कुठले हे कळायचं असेल तर गोळी सुरू व्हायच्या आधीचा आकडा हवा. एकच आकडा नको, दवाखान्यात गेल्यावर बऱ्याच लोकांचं बीपी तसंही घाबरून चढतं, त्यामुळे आठवड्याभरात दोन-चार वेळा, शांत बसून, मोजून लिहून ठेवलेलं बरं. आधीपासून बीपी जास्त असेल तर ते आधी आटोक्यात आणायचं आणि मगच या गोळीचा विचार, इथे घाई करू नये.

बीपी मोजणं सोपं आहे हो, अवघड आहे ते घरच्यांना विचारणं. डॉक्टर विचारतात, "घरात कुणाला हार्टचा त्रास?" आणि आपण म्हणतो, "हो, आजोबांना होता." आजोबा पंच्याहत्तराव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले असतील तर त्याचा इथे फारसा संबंध नाही. विचारायचं असतं ते असं, की पन्नाशीच्या आत, तरुणपणी, घरातलं कुणी अचानक गेलंय का, आणि जाताना ते काय करत होते? धावताना, खेळताना, झोपेत? आणखी एक गोष्ट मुद्दाम विचारावी जी सहसा कुणी विचारत नाही, ती म्हणजे पोहता येत असूनही कुणी पाण्यात बुडालं, किंवा रस्ता मोकळा असताना गाडी सरळ जाऊन झाडावर आदळली, असं काही घराण्यात झालंय का. कारण हृदयाचा ठेका जन्मतःच बिघडलेला असणारे काही आजार आहेत, लाँग क्यूटी सिंड्रोम त्यातला एक, ते कुटुंबात चालत येतात आणि कधी कधी पहिल्यांदा दिसतात ते अशा "अपघातातून". हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, आणि मार्फान सिंड्रोम म्हणजे शरीराला बांधून ठेवणाऱ्या ऊतींचा जन्मजात आजार, ही नावंही घरात कधी ऐकली असतील तर सांगा. घरातल्या मोठ्यांना हे विचारणं जड जातं, जुन्या जखमा उघडतात, "आता कशाला तो विषय" असं ऐकावं लागतं, पण एक फोन करायचाच, शक्यतो आईकडच्या आणि वडिलांकडच्या दोन्ही बाजूंना.

मग स्वतःचं. पळताना किंवा व्यायाम करताना कधी चक्कर येऊन पडलात का, छातीत दुखलं का, बरोबरीच्या लोकांपेक्षा लवकर धाप लागते का, कारण नसताना धडधड सुरू होते आणि बराच वेळ थांबत नाही असं झालंय का, लहानपणी हृदयात आवाज येतो म्हणून कुणी सांगितलं होतं का. "उपाशी होतो म्हणून पडलो" असं आपण स्वतःच ठरवून टाकलेलं असतं आणि तेच नेमकं डॉक्टरांना सांगत नाही. व्यायाम चालू असतानाची चक्कर आणि बराच वेळ उभं राहिल्यावर आलेली चक्कर यात फार फरक आहे, पहिली कधीही सोडून द्यायची नाही.

ईसीजी सगळ्यांनी काढावा का यावर खुद्द तज्ज्ञांचं एकमत नव्हतं. २००८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने म्हटलं की मुलांना औषध द्यायच्या आधी ईसीजी काढणं योग्य ठरेल, आणि त्याच वर्षी तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीने म्हटलं की सरसकट गरज नाही, नीट माहिती घेऊन तपासणी करा आणि शंका वाटली तरच काढा. आज बहुतेक ठिकाणी दुसरी पद्धत चालते. म्हणजे परत गाडी तिथेच येते, शंका यायला माहिती लागते आणि माहिती तुमच्याकडे आहे. बाकी सगळं नीट असेल तर उगाच घाबरायचंही कारण नाही. २०११ मध्ये अमेरिकेत १२ लाखांहून जास्त मुलं आणि तरुणांची माहिती तपासली गेली, त्यात या औषधांमुळे हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा अचानक मृत्यू वाढल्याचं दिसलं नाही. दुसरीकडे २०२३ मध्ये स्वीडनमधला जो अभ्यास आला त्यात वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्यांमध्ये बीपी आणि रक्तवाहिन्यांचे आजार थोडे जास्त सापडले. दोन्ही एकत्र वाचले तर माझ्या मते अर्थ असा निघतो की निरोगी माणसाने पहिल्या गोळीला भ्यायची गरज नाही, पण पाचव्या वर्षीसुद्धा बीपी मोजणं सोडायचं नाही.

आता मन. इथे लोक सगळ्यात जास्त लपवतात, आणि कारण समजण्यासारखं आहे, भीती असते की खरं सांगितलं तर औषध मिळणार नाही. पण बघा, बायपोलर आजार असेल, निदान झालेला किंवा न झालेला, तर स्टिम्युलंटने मेनिया उसळू शकतो, म्हणजे तीन-तीन दिवस झोप नको, डोक्यात विचारांची शर्यत, वारेमाप खर्च, मी काहीही करू शकतो अशी खात्री. न झालेलं निदान हा जास्त त्रासदायक भाग. असे दिवस आयुष्यात आधी येऊन गेले असतील आणि तुम्ही ते "तेव्हा मी फॉर्मात होतो" म्हणून चांगल्या आठवणींत टाकले असतील, तर ते सांगा. घरात कुणाला बायपोलर, स्किझोफ्रेनिया, मोठं डिप्रेशन, कुणी आत्महत्या केलेली, हेही सांगा. आधी कधीच असं काही नसलेल्या माणसाला भास होणं किंवा मेनिया होणं हे या औषधांच्या छोट्या मुदतीच्या चाचण्यांमध्ये साधारण हजारात एकाला दिसलं, म्हणजे क्वचित, पण ज्यांना आधीपासून त्रास आहे त्यांना हा आकडा लागू होत नाही.

अँग्झायटी आहे, पॅनिक अटॅक येतात, झोप आधीच वाईट आहे, हेही तिथेच बोलून घ्या. झोपेचं तर जरा नीट बघाच, कारण रात्री घोरून श्वास अडकणाऱ्या माणसाचं, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया असणाऱ्याचं, दिवसभर लक्ष लागत नाही आणि ते हुबेहूब एडीएचडीसारखं दिसू शकतं. थायरॉइड जास्त काम करत असेल तरी तसंच, अस्वस्थपणा, धडधड, एका जागी बसवत नाही, आणि त्यावर स्टिम्युलंट दिलं तर आगीत तेल. डोळे मिचकावणं, खांदे उडवणं, घशातून आवाज काढणं अशा टिक्स असतील तर पूर्वी मिथाइलफेनिडेट देऊच नये असं होतं, आता तितकं कडक नाही, पण सुरू करायच्या आधी त्या किती होत्या याची नोंद हवी, नाहीतर नंतर कुणालाच कळत नाही की वाढल्या की होत्या तेवढ्याच आहेत.

व्यसनाचं. दारू, गांजा, कोकेन, पेनकिलरची सवय, काहीही असेल किंवा कधीकाळी असेल तर सांगा. या गटातल्या औषधांच्या माहितीपत्रकावर सगळ्यात वर, चौकटीत, गैरवापर आणि व्यसनाची धोक्याची सूचना असते, ती उगाच नाही. आणि व्यसन होतं म्हणून दार बंद असंही नाही. डॉक्टर मग वेगळं औषध निवडतात, उदाहरणार्थ लिस्डेक्साम्फेटामिन, ज्यात अ‍ॅम्फेटामिनला लायसिन नावाचं अमिनो आम्ल जोडलेलं असतं आणि ते रक्तात गेल्यावर हळूहळू सुटं होतं, त्यामुळे पूड करून नाकाने ओढण्यात फारसा फायदा उरत नाही. गैरवापर शून्य होत नाही, पण कमी होतो. किंवा अ‍ॅटोमोक्सेटिनसारखं स्टिम्युलंट नसलेलं औषध देतात. एकदम जवळच्या माणसाला डबी सांभाळायला देणं हाही साधा आणि चालणारा उपाय.

जाता जाता, "मित्राची एक गोळी घेऊन बघितली, मस्त लक्ष लागलं, म्हणजे मला एडीएचडी आहे" हे फार ऐकू येतं. असं नसतं. १९७८ मध्ये ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी नसलेल्या, अगदी नॉर्मल मुलांना डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामिनचा एक डोस दिला तर त्यांचंही लक्ष सुधारलं आणि चुळबुळ कमी झाली. गोळी लागू पडली एवढ्यावरून निदान होत नाही.

यापुढचा मुद्दा बाकीच्या औषधांचा, आणि इथे "मी काही घेत नाही" हे उत्तर जवळपास नेहमी चुकीचं असतं, कारण आपण ज्याला औषध समजत नाही अशा बऱ्याच गोष्टी पोटात जात असतात. ज्याच्याबरोबर स्टिम्युलंट अजिबात चालत नाही तो गट म्हणजे एमएओ इनहिबिटर, डिप्रेशन आणि पार्किन्सनसाठी कधी कधी देतात. ते बंद केल्यावरही १४ दिवस थांबावं लागतं, नाहीतर बीपी जीवघेणं चढू शकतं. आणि यातली गोम अशी की लाइनझोलिड नावाचं एक अँटिबायोटिक आहे ते पण याच पद्धतीने वागतं, मिथिलीन ब्लू नावाचं औषध म्हणून वापरतात ते निळं रंगद्रव्य पण, त्यामुळे "ते तर इन्फेक्शनचं औषध होतं" म्हणून यादीतून गाळू नका.

डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या बऱ्याच लोकांना स्टिम्युलंटच्या जोडीला चालतात, डॉक्टर दोन्ही देतातही, पण फ्लुऑक्सेटिन, पॅरोक्सेटिन, ब्युप्रोपिऑन ही औषधं लिव्हरमधलं एक एन्झाइम अडवतात आणि अ‍ॅम्फेटामिन शरीरात जास्त साचू शकतं, म्हणून डोस कमीपासून सुरू करतात. शिवाय अ‍ॅम्फेटामिनबरोबर या गोळ्या, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, मायग्रेनवरची ट्रिप्टान, सेंट जॉन्स वर्ट नावाचं हर्बल औषध असं काही असेल तर सेरोटोनिन सिंड्रोमची, म्हणजे सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन प्रमाणाबाहेर वाढण्याची, शक्यता असते, त्यात ताप, थरथर, घाम, जुलाब, गोंधळल्यासारखं होणं असं दिसतं. हर्बल आहे म्हणजे निरुपद्रवी हा गैरसमज इथे महागात पडतो.

सर्दीची गोळी तर लोक विसरतातच. नाक मोकळं करायला त्यात स्यूडोएफेड्रिन किंवा फिनाइलएफ्रिन असतं, जे रक्तवाहिन्या आवळूनच नाक मोकळं करतं, म्हणजे स्टिम्युलंट ज्या दिशेने ढकलतं त्याच दिशेने हे पण. वजन कमी करायच्या गोळ्या, जिमच्या आधी घ्यायच्या पावडरी, एनर्जी ड्रिंक यांचंही तेच. कॉफी-चहाचं माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. गोळी सुरू होतेय म्हणून त्याच दिवशी सगळं कॅफिन बंद करू नका, कारण कॅफिन अचानक तोडलं की डोकं भयंकर दुखतं आणि मग ते गोळीच्या नावावर खपवलं जातं. आठवडाभर आधीपासून हळूहळू कमी करत या आणि मग पहिले काही आठवडे तेवढ्यावरच राहा, म्हणजे धडधड झाली तर कशाने झाली ते तरी कळेल.

अ‍ॅम्फेटामिन घेणाऱ्यांसाठी आणखी एक चमत्कारिक भाग आहे. पोटातलं आणि लघवीतलं आम्ल कमी-जास्त झालं की औषधाचा जोर बदलतो. व्हिटॅमिन सीची मोठी गोळी किंवा आंबट फळांचा ज्यूस गोळीच्या आसपास घेतला तर औषध कमी शोषलं जातं, आणि सोडा बायकार्ब असलेलं अ‍ॅसिडिटीचं औषध घेतलं तर उलट जास्त वेळ शरीरात रेंगाळतं. म्हणजे आज गोळी लागूच पडली नाही आणि परवा रात्रभर झोप नाही, याचं कारण नाश्त्याच्या टेबलावर असू शकतं.

दारूबद्दल दोन कारणांनी सांभाळायचं. दिवसभर हळूहळू सुटणाऱ्या मिथाइलफेनिडेटच्या काही कॅप्सूल अशा आहेत की दारूबरोबर त्यातलं औषध हळूहळू यायच्या ऐवजी लवकर बाहेर पडतं, धरणाचे दरवाजे एकदम उघडावेत तसं. दुसरं म्हणजे स्टिम्युलंटमुळे चढलेली जाणवत नाही आणि माणूस झेपेल त्यापेक्षा जास्त पितो. आणि हो, ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, काही भुलीच्या वायूंबरोबर मिथाइलफेनिडेटने बीपी अचानक चढू शकतं म्हणून त्या दिवशीची गोळी चुकवायला सांगतात. नार्कोलेप्सीसाठी मोडाफिनिल दिलं असेल, ते या गटातलं सख्खं नाही पण चुलत म्हणा, तर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा त्याच्यामुळे कमी होतो, आणि तो परिणाम औषध बंद केल्यावरही महिनाभर राहतो. हे न सांगितल्यामुळे लोकांचे आयुष्याचे प्लॅन बदललेले आहेत.

बाकीचं पटापट. काचबिंदू असेल, अ‍ॅड्रिनल ग्रंथीची फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ असेल, फिट येत असतील, किडनी नीट काम करत नसेल, तर आधी सांगायचं, यातल्या काहींत औषध देतच नाहीत आणि काहींत डोस कमी ठेवतात. प्रेग्नन्सी आहे, ठरवताय, किंवा बाळ अंगावर पितंय, तर निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्यायचा, औषध दुधात उतरतं. थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात असा त्रास असेल तर तो वाढू शकतो. पुरुषांनी एक लक्षात ठेवावं, क्वचित कधी लिंगाला दुखरी ताठरता येते आणि चार तासांनीही उतरत नाही, तेव्हा लाजत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

गोळीकडे पण एकदा नीट बघा. मिथाइलफेनिडेटची साधी गोळी तीन-चार तास चालते, लांब पल्ल्याच्या काही दहा-बारा तास, आणि लिस्डेक्साम्फेटामिन त्याहून थोडं जास्तच. डबीवर दोन्हीकडे मिथाइलफेनिडेटच लिहिलेलं असतं, त्यामुळे "नाव तेच, मिलिग्रॅम तेच" म्हणून एकाच्या जागी दुसरी घेणं चूक, आणि मिथाइलफेनिडेटचे मिलिग्रॅम अ‍ॅम्फेटामिनला लावणं तर फारच चूक, कारण तेवढ्याच वजनाचं अ‍ॅम्फेटामिन जास्त जोरदार असतं. लांब पल्ल्याची गोळी चावायची, फोडायची, कुटायची नाही, दिवसभराचं औषध एका तासात अंगावर येतं. काही कॅप्सूल उघडून आतले दाणे मऊ गार पदार्थावर टाकून न चावता गिळलेले चालतात, काही अजिबात उघडायच्या नसतात, तुमची कुठली ते औषध देणाऱ्या फार्मासिस्टला विचारा. एका प्रकारच्या गोळीचं कवच विरघळत नाही आणि शौचातून अख्खंच्या अख्खं बाहेर पडतं, ते बघून "गोळी पचलीच नाही" म्हणून दुसरी घेऊ नका. याच गोळीसाठी आतड्यात कुठे अरुंद जागा असेल तर ती अडकू शकते, हेही सांगायचं.

लहान मुलांच्या बाबतीत सगळ्यात आधी उंची आणि वजन, तारखेसकट, लिहून ठेवा. भूक मरते हे खरं आहे, दुपारचा डबा तसाच परत येतो. सात ते दहा वर्षांच्या मुलांवर लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात रोज औषध घेणारी मुलं तीन वर्षांत सरासरी २ सेंटीमीटर कमी वाढली आणि वजन २.७ किलो कमी वाढलं. हे वाचून औषध फेकून द्यायचं नाही, पण दर काही महिन्यांनी मोजायचं, आणि नाश्ता गोळीच्या आधी भरपेट द्यायचा. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला कुणी थेट गोळी लिहून देत असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या असं मी सांगेन, त्या वयात आधी आईवडिलांना प्रशिक्षण आणि वागणुकीवरचे उपाय करतात.

पहिल्या गोळीसाठी दिवस निवडून घ्या. परीक्षेचा दिवस नको, लांबच्या ड्रायव्हिंगचा नको, घरात कुणीतरी असेल असा सुट्टीचा बरा. सकाळीच घ्या, दुपारी आठवली तर लांब पल्ल्याची गोळी त्या दिवशी सोडून द्या, उद्या दोन घेऊन भरपाई करायची नाही. औषध उतरताना संध्याकाळी तासभर चिडचिड, रडू, थकवा येऊ शकतो, हे घरच्यांना आधी सांगून ठेवलं तर निम्मी भांडणं टळतात. बीपी, नाडी, झोप, भूक आणि मूड एवढं वहीत लिहा, डोस वाढला की पुन्हा लिहा. आणि कमी डोसवर "काहीच होत नाही" म्हणून स्वतःच दोन घेऊ नका, हे डोस मुद्दाम खालून वर नेतात.

डबी कुलपात ठेवा आणि गोळ्या मोजून ठेवा, घरात टीनएजर असेल तर नक्कीच. दुसऱ्याला एकही द्यायची नाही, कारण ही सगळी चौकशी त्या दुसऱ्या माणसाची झालेली नसते, आणि बहुतेक देशांत तो गुन्हाही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या करारात मिथाइलफेनिडेट आणि अ‍ॅम्फेटामिन दोन्ही कडक नियंत्रणाच्या यादीत आहेत, त्यामुळे परदेशी जाताना त्या देशाचे नियम आधी बघा. जपानमध्ये तर अ‍ॅम्फेटामिनचं औषध प्रिस्क्रिप्शन असलं तरी नेता येत नाही. स्पर्धेत खेळत असाल तर ही औषधं स्पर्धेदरम्यान बंदी असलेल्या उत्तेजकांत येतात, वैद्यकीय सूट आधी मागून घ्यावी लागते, पकडलं गेल्यावर कागद दाखवून भागेलच असं नाही.

शेवटी कधी वाट बघायची नाही ते. छातीत दुखणं, श्वास लागणं, शुद्ध हरपणं, नसलेलं दिसणं किंवा ऐकू येणं, अंगात ताप आणि स्नायू आखडणं, फिट येणं, मरावंसं वाटणं, यातलं काहीही झालं तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच क्षणी इमर्जन्सी गाठायची. एकटे जाऊ नका आणि स्वतः गाडी चालवू नका. गोळीची डबी बरोबर घ्या, कारण किती मिलिग्रॅमची, कधी घेतली आणि बरोबर आणखी काय घेतलं हे तिथे पहिल्या मिनिटाला विचारतात.